साखळी टाकली

खांबावर चढण्याआधी तारेवर साखळी टाकायची, हे मला ज्या उस्तादांनी शिकवलं त्यांच्या उजव्या हाताला दोनच बोटं उरली होती. त्यामुळे त्यांना फारसं समजावून सांगावं लागत नसे. साखळी म्हणजे तांब्याची बारीक साखळीच. तिचं एक टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधायचं आणि दुसरं टोक खालूनच तारांवर फेकायचं. तारेत वीज उरलेली असेल तर ठिणगी उडते, फ्यूज जातो, आणि काय व्हायचं ते साखळीचं होतं. स्विच पाडला म्हणजे तार मेली असं समजायचं नाही, असं उस्ताद बजावत. स्विच माणूसच पाडतो आणि माणूस विसरतो.

नव्वदीच्या दशकात मी स्वतः शिकवणारा झालो. नगर जिल्ह्याच्या उत्तरेकडे, बागायती भागात, चार भागीदारांनी मिळून एक प्रशिक्षण केंद्र काढलं होतं. दोन साखर कारखाने, नगरच्या एमआयडीसीतला विजेच्या मोटारी बनवणारा एक उद्योजक आणि मी ज्या तंत्रशिक्षण संस्थेत होतो ती संस्था. दुष्काळी तालुक्यांतली पोरं आणायची, त्यांना वर्षभरात वायरमन-लाइनमन करायचं आणि भागीदारांच्या कामावर लावायचं. फलकावर लिहिलं होतं, 'ऊर्जा क्षेत्रात उज्ज्वल भवितव्य'. एका कारखान्याने शेड दिली, दुसऱ्याने जुने खांब दिले, उद्योजकाने हत्यारं दिली आणि संस्थेने मला दिलं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आमचं केंद्र तर चार घरचा पाहुणा होतं. बल्ब गेला तरी तो कोणी बसवायचा यावर पत्रव्यवहार व्हायचा. पण उद्घाटनाला चारही घरचे लोक फेटे बांधून हजर होते, हे सांगायला हवं.

प्रचाराची जबाबदारीही माझ्याकडेच होती. जीपवर कर्णा बांधून आम्ही जामखेड, पाथर्डी, कर्जत सगळीकडे फिरलो. मला बोलायला आवडतं, आणि माणसं ऐकायला लागली की मी जरा जास्तच बोलतो. खर्ड्याच्या पुढे एका वस्तीवर विहाराच्या ओट्यावर सभा झाली. समोर बसलेली निम्मी माणसं दिवाळीनंतर ऊस तोडायला आमच्याच भागात येणारी. मी म्हणालो, "कोयता किती पिढ्या धरायचा? पोरांच्या हातात पक्कड द्या." टाळ्या पडल्या. मग मागून एक उंच, वाळकुडा माणूस उभा राहिला. त्याच्या शेजारी त्याचा मुलगा होता, तेवीसेक वर्षांचा, लग्न झालेला, बायकोबरोबर दोन हंगाम ऊस तोडून आलेला.

"सर, पोरगं हुशार हाय," तो म्हणाला, "पन लई सावकाश हाय. कायबी करायचं तर चार येळा बघून करतंय. मुकादम शिव्या देतो. तुमच्याकडं चालंल का?"

लोक हसले. मुलगा खाली बघत राहिला. मी म्हणालो, "बाबा, विजेच्या कामाला असाच माणूस लागतो." आणि ते मी मनापासून म्हणालो होतो. पहिल्या तुकडीत तो आला.

केंद्रात आम्ही पोरांना गावाच्या नावाने हाक मारायचो. नेवासा, मिरजगाव, टाकळी. तसा हा खर्डा. बापाने सांगितलं होतं त्यात काडीचीही अतिशयोक्ती नव्हती. कमरेचा पट्टा बांधला की तो दोनदा ओढून बघायचा. शिडी टेकवली की खालची माती पायाने दाबून बघायचा. बाकीचे वर जाऊन, कप आवळून खाली येत तोपर्यंत याचा एक पाय जमिनीवर आणि एक पहिल्या पायरीवर. चिनी मातीच्या त्या इन्सुलेटरला पोरं कप म्हणत.

आमच्या मैदानात तीन खांब होते आणि त्यांवर तारा होत्या, पण त्या तारांत कधी वीज नव्हती. शिकवण्याची जागा म्हणून ते बरोबरच होतं. साखळी एकच होती. पहिले दोन महिने मी प्रत्येकाकडून ती टाकून घेतली. फेकताना ती तारेत अडकायची, काठीने सोडवावी लागायची, एकेका पोराला दहा-दहा मिनिटं जायची. अठ्ठावीस पोरं होती. पुढे शेड देणाऱ्या कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला आणि कारखान्याचे विजेचे फोरमन येऊन साखळी घेऊन गेले. त्यांची तुटली होती, आणि त्यांच्या तारा जिवंत होत्या, आमच्या मेलेल्या. त्यात त्यांची चूक नव्हती. मी नव्या साखळीसाठी चारही भागीदारांना पत्र टाकलं. चौघांचीही उत्तरं आली. प्रत्येकाने उरलेल्या तिघांकडे बोट दाखवलं होतं.

तेव्हा मी एक युक्ती काढली. ती आज कोणाला सांगवत नाही, पण त्या वेळी मला ती फार हुशारीची वाटली होती. साखळी नसली तरी सवय तर राहिली पाहिजे ना? म्हणून खाली उभ्या असलेल्या जोडीदाराने ओरडायचं, "साखळी?" आणि चढणाऱ्याने उत्तर द्यायचं, "टाकली!" उत्तर आल्याशिवाय जोडीदाराने शिडी धरायची नाही. नियम पक्का. पोरांनी तो दोन दिवसांत उचलला. आठवड्याभरात त्याला ताल आला. सकाळी तिन्ही खांबांवरून आरोळ्या सुरू झाल्या की शेजारच्या कारखान्याच्या कॉलनीतल्या बायका दारात येऊन बघायच्या.

एकट्या खर्ड्याला ते जमेना. जोडीदार ओरडला, "साखळी?" हा वर तारांकडे बघत होता. पुन्हा ओरडला. हा माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, साखळी कुठंय?"

"आहे असं समज."

"मंग टाकली असं कसं म्हनू?"

सगळी पोरं थांबून बघत होती. मला राग आला. राग येण्याचं कारण एकच, तो खरं बोलत होता. मी म्हणालो, "तोंडाने टाक! का मुहूर्त काढायला भटजी बोलवू?" पोरं खो-खो हसली. त्या दिवसापासून त्याचं नाव मुहूर्त पडलं. ते मीच पाडलं, आणि रोज वापरलं. शिकवणाऱ्याच्या तोंडात टिंगल असली की वर्ग ताब्यात राहतो, हे मला फार लवकर कळलं होतं.

त्यात भर म्हणून भागीदारांनी स्पर्धा ठरवली. असंच एक केंद्र शेजारच्या जिल्ह्यातही निघालं होतं. दोन्हीकडच्या पोरांनी खांबावर चढायचं, कप बदलायचा, उतरायचं. ज्यांना कमी वेळ लागेल त्यांना ढाल. पाहुणे खुर्च्यांवर, मी हातात घड्याळ घेऊन. आमच्या पोरांनी एका सुरात "साखळी?", "टाकली!" करून अशी काही धमाल उडवली की कारखान्याचे अध्यक्ष उठून उभे राहिले. शिस्त याला म्हणतात, असं ते माइकवर बोलले. ढाल आम्हाला मिळाली. आयुष्यात मला एवढ्या टाळ्या ना आधी मिळाल्या ना नंतर. स्पर्धेच्या आधी महिनाभर मी खर्ड्याला वेगळं घेऊन पळवला होता. तोही शिकला. शेवटी शेवटी तो पाय उचलण्याआधीच "टाकली" म्हणायचा. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "आता कसा माणसात आलास!"

तुकडी संपायला चार महिने उरले तेव्हा पोरांना कारखान्यावर प्रत्यक्ष कामाला पाठवायला सुरुवात झाली. कारखान्याच्या कॉलनीला वीज दोन वाटांनी मिळायची. एक बाहेरून येणारी, दुसरी हंगाम चालू असताना कारखान्याच्या स्वतःच्या टर्बाइनची. त्या दिवशी कॉलनीतल्या एका खांबावरचा कप फुटला होता. स्विच पाडणाऱ्याने बाहेरची वाट बंद केली आणि तो चहाला गेला. टर्बाइनची वाट चालूच होती. खांबापासून पन्नास पावलांवर स्विचच्या खोलीत खिळ्याला साखळी टांगलेली होती. आमच्याकडून नेलेली तीच.

मी त्या वेळी नगरमध्ये एका शाळेच्या सभागृहात बोलत होतो. विषय अर्थातच विजेच्या क्षेत्रातल्या नोकऱ्यांचा. शिपायाने चिठ्ठी आणून दिली. सिव्हिल हॉस्पिटल तिथून जवळ होतं, मी चालतच गेलो. खांद्यावरच्या पिशवीत केंद्राची माहितीपत्रकं होती आणि मुखपृष्ठावर ढाल धरलेल्या पोरांचा फोटो होता. त्यात खर्डाही होता, मागच्या रांगेत.

त्याचा जोडीदार, मिरजगावचा पोरगा, हॉस्पिटलच्या भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. मला बघून उठला. रडत नव्हता.

"सर, मी इचारलं त्याला," तो म्हणाला. "नेहमीसारखं इचारलं. साखळी? तर म्हनला टाकली. मंग मी शिडी धरली."

"आणि साखळी?"

प्रश्नच त्याला कळला नव्हता. त्याच्या लेखी साखळी टाकून झाली होती.

संध्याकाळी उसाच्या रिकाम्या ट्रॅक्टरमधून घरचे आले. दुसऱ्या भागीदार कारखान्याच्या फडात ते ऊस तोडत होते; आई, बाप आणि त्याची बायको. अंगावर पाचटाची कुसळं तशीच होती. बायको वीस-एकवीस वर्षांची असेल. ती एकदाही मोठ्याने रडली नाही, नुसती सासूच्या पदराचं टोक धरून उभी होती. मी पुढे होऊन काहीतरी बोलायला हवं होतं. मी डॉक्टरांना कागद कुठे मिळतात ते विचारायला गेलो आणि बराच वेळ तिकडेच राहिलो.

पंधरा दिवसांनी कारखान्याच्या गेस्ट हाउसमध्ये चौकशी ठेवली. तिघांची समिती. कारखान्याचे सेक्रेटरी, ते उद्योजक आणि आमचे प्राचार्य. आत बोलावण्याआधी सेक्रेटरींनी मला व्हरांड्यात गाठलं. माणूस वाईट नव्हता. आवाजही चढवला नाही.

"सरळ सांगतो," ते म्हणाले. "शिकवण्यात काही कमी राहिलं असं निघालं, तर त्याच्या बायकोला कॉलनीच्या दवाखान्यात आया म्हणून घ्यावं लागेल. अध्यक्षांनी तसा शब्द दिलाय आणि ते पाळतील. पण मग केंद्र बंद. पुढच्या तुकडीचे अर्ज आलेत, ते परत पाठवायचे. तुमचं कायम होण्याचं प्रकरणही आमच्या शिफारशीवर अडलंय, ते तुम्हाला माहीतच आहे."

"आणि शिकवलं होतं असं निघालं तर?"

"तर मग त्याची घाई त्याला नडली. वाईट झालं, पण त्याला कोण काय करणार?"

आत टेबलावर माझं रोजचं रजिस्टर होतं. त्यात माझ्याच अक्षरात, महिनोन् महिने, एकच ओळ होती: 'साखळी टाकण्याचे प्रात्यक्षिक घेतले.' शेजारी पोरांच्या सह्या. त्याचीही सही होती, शाळकरी वळणाची, सावकाश काढलेली. साखळी गेल्यावरही ती ओळ मी लिहीत राहिलो होतो. कारण आरोळी तर रोज होत होती, आणि मला तेच प्रात्यक्षिक वाटायला लागलं होतं. हे मी आज बचावासाठी सांगत नाही. उलट हाच सगळ्यात मोठा आरोप आहे.

प्राचार्य म्हणाले, "नीट आठवून सांगा. साखळी टाकायला शिकवलं होतं?"

दोन महिने शिकवली, नंतर साखळी नव्हती, नंतर मी पोरांना खोटं बोलायला शिकवलं. एवढी तीन वाक्यं होती. ती माझ्या जिभेवर होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण घरी दोन पोरं होती, बायको चौथ्यांदा भाड्याचं घर बदलायला निघाली होती, सहा वर्षं मी हंगामी होतो. आणि हेही सांगतो की ती कारणं खरी असली तरी मुख्य कारण वेगळं होतं. ज्या आरोळीसाठी अध्यक्ष उठून उभे राहिले होते ती आरोळीच त्या पोराला घेऊन गेली, हे त्या तिघांसमोर कबूल करायची मला लाज वाटली. मी घाबरलो त्यापेक्षा जास्त लाजलो.

"शिकवलं होतं," मी म्हणालो. "रजिस्टरमध्ये आहे."

माझ्यानंतर मिरजगावच्या पोराला आत बोलावलं. दारात त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली नाही, मान किंचित हलवली. आत जाऊन त्याने माझंच वाक्य म्हटलं. शिकवलेलं तो नेहमीच पटकन उचलायचा. अहवालात आलं, प्रशिक्षणार्थीने शिकवलेली दक्षता घाईमुळे घेतली नाही. पुढच्या तुकडीला नवी साखळी मिळाली, दोन मिळाल्या. मी कायम झालो. मिरजगावचा पोरगा मात्र प्रमाणपत्र घ्यायला आलाच नाही. तो पुण्याला एका हॉटेलात लागला असं कोणीतरी सांगितलं.

पुढच्या हंगामात, थंडी पडायला लागली तेव्हा, मी दुपारी शेडमध्ये फळा पुसत होतो. दारात कोणीतरी खाकरलं. खर्ड्याचा बाप होता. आदल्या वर्षीपेक्षा आणखी वाळलेला. त्याची टोळी या वेळी आमच्याच कारखान्याला आली होती, फड दोन मैलांवर होता. मी खुर्ची दिली, तो बसला नाही.

"घरचे कसे आहेत?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

"हायेत. म्हातारीला आता वाकवत न्हाई, ती गावाकडंच हाय. सून हाय संगं." मग तो म्हणाला, "आर्धा कोयता."

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एक तोडतो, एक मोळी बांधून वाहते. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला काम मिळालं तर शेवटचं मिळतं. ती दवाखान्यात आया असती. सावलीत, पांढऱ्या साडीत, महिन्याच्या महिन्याला सही करून. मी ती तीन वाक्यं बोललो असतो तर.

"सर, एक बोलायचं हुतं," तो म्हणाला. "कारखान्याचा कागद आल्ता. मुकादमानं वाचून दावला. त्यात लिवलंय का तुमी नीट शिकिवलं हुतं, त्यानंच घाई केली."

मी पुसलेला फळा पुन्हा पुसायला लागलो.

"मला लई दिस पटंना बगा. पोरगं तर सावकाश हुतं. जेवायलाबी घंटा लावायचं. मी सुनंला म्हनलं, कागद खोटा असल. तर ती म्हनली, शिकलेल्या मानसांनी लिवलंय, खोटं कशापायी लिवतील? मंग मला आठावलं, एकदा सुट्टीवर आल्ता तवा खरंच बदलल्याला हुता. चालनं झपाझप, बोलनं झपाझप. आमाला नवल वाटलं हुतं. आमी खूशच झाल्तो. तितंच चुकलं. तवाच कान धरायला पायजे हुता."

सांगायला हवं होतं, बाबा, तो चुकला नाही. तुमच्या पोराने एकट्यानेच मला विचारलं होतं, साखळी कुठे आहे म्हणून. अठ्ठावीस जणांत त्या एकट्याने. ते ऐकून त्याची सून फडातून सुटली नसती, पण पोरगा तरी त्याला परत मिळाला असता, जसा होता तसा. मी त्याच्या सुनेची नोकरी घेतली, तिला उन्हात उभं केलं, आणि आता त्याच्या समोर उभा राहून त्याच्या मुलाचा स्वभावही घेत होतो. हे सगळं मला त्याच क्षणी, अगदी स्वच्छ कळत होतं. शेडच्या बाहेर नवी तुकडी जेवण आटोपून खांबांपाशी जमत होती.

त्याने डोक्यावरचा टॉवेल काढला आणि दोन्ही हातांत धरला.

"लोकं म्हनत्यात, त्या पोरापायी केंद्र बंद पडनार हुतं. तुमची नोकरी जानार हुती. आमच्यापायी तुमाला लई तरास झाला, सर. तेवडं सांगायला आल्तो. पोराच्या वतीनं माफी करा."

असं म्हणून तो वाकला आणि माझ्या पायांना हात लावायला लागला. मी त्याला खांद्याला धरून उठवलं. त्याचं वजन काहीच नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट बघत होता, आणि मी त्याला म्हणालो, "असू द्या, बाबा. झालं गेलं."